मुखपृष्ठावर बाबा

२० फेब्रुवारी, बुधवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कलाकारांच्या रोजनिशा पुढे छापल्या जातात हे मला माहीत आहे, पण माझा तसा काही हेतू नाही. ही फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतो आहे.

बातमी: आमच्या बँडच्या पहिल्या अल्बमचं मुखपृष्ठ मी करणार. काल सराव संपल्यावर ठरलं. काइ-युन गाते, शब्दही तीच लिहिते, त्यामुळे बँड आपलाच आहे असा तिचा समज आहे. ती म्हणाली, "लिआंगदादा, तू कीबोर्ड वाजवतोस दोन गाण्यांत. बाकीचा वेळ नुसता उभा असतोस. कव्हर तरी कर." मी म्हटलं विचार करून सांगतो, आणि लगेच हो म्हटलं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते तव्यापाशी होते. किलुंग बंदरामागच्या गल्लीत आमचं नाश्त्याचं दुकान आहे. अंड्याचं धिरडं, मुळ्याची वडी, सोयादूध. पहाटे साडेचारला शटर वर. बाबा म्हणाले, "कव्हर म्हणजे पिशवी का?" समजावून सांगितलं. धिरडं उलटून म्हणाले, "मार्चअखेरपर्यंत कर काय करायचं ते. तुझं ते कव्हर चाललं तर जा खुशाल तैपेईला, मी अडवायचा नाही. नाही चाललं तर एक एप्रिलपासून तवा तुझा. माझं मनगट गेलंय आता."

मी जागच्या जागी कबूल केलं. म्हणजे तवा सुटल्यात जमा आहे.

२३ फेब्रुवारी

अभ्यास. तैपेईच्या रेकॉर्डच्या दुकानात सबंध दुपार काढली. मालकाने तीनदा विचारलं, काही घेणार का. मी म्हटलं बघतोय. तो म्हणाला ते दिसतंय.

निष्कर्ष लिहून ठेवतो. गंभीर बँड मुखपृष्ठावर स्वतःचं नाव घालत नाही. घातलंच तर मुंगीएवढं, कोपऱ्यात, आणि तेही आपण नव्हेच असं. माणूस असला तर पाठमोरा, समुद्राकडे बघणारा. समोरून असला तर डोकं कापलेलं. फोटो किंचित हललेला, रंग उडालेले, फिल्म पँटच्या खिशात राहून धुण्यात गेल्यासारखे. रिकामी खुर्ची, रिकामा तरणतलाव, अर्धं संत्रं. कुणाच्या तरी घरचा जुना वाढदिवस, सगळ्यांचे डोळे फ्लॅशने लाल. मुख्य म्हणजे कुणी हसत नाही.

चित्राचा गाण्यांशी संबंध नसावा. संबंध आला की तो बिस्किटाचा पुडा झाला. हे मी अधिकाराने लिहितो, कारण मी सहा वर्षं एका कारखान्यात बिस्किटांच्या डब्यांवर अननस काढले आहेत. अननसाला हसरं तोंड काढा असं सांगितल्यावर नोकरी सोडली. (त्यांनी मला काढून टाकलं असं ताई म्हणते. तिला तपशील माहीत नाहीत.)

२६ फेब्रुवारी

पहिली कल्पना. बंदराच्या धक्क्यावर लाल प्लास्टिकचं स्टूल, मागे राखाडी समुद्र. एकटेपणा. दुकानातलं स्टूल घेऊन गेलो. कॅमेऱ्याचं झाकण काढेपर्यंत स्टूल वाऱ्याने समुद्रात. एका मासे धरणाऱ्या आजोबांनी गळ टाकून ते वर ओढलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी कुणाला तरी बसव त्याच्यावर." कलेतलं काही कळत नसलेल्या माणसाचा सल्ला. स्टूलचा एक पाय गेला.

काइ-युनला कल्पना फोनवर सांगितली. ती म्हणाली रिकामी खुर्ची या महिन्यातच दोन बँडनी केली आहे.

बाबांनी विचारलं, स्टूल लंगडं कसं झालं. म्हटलं जुनं होतं.

२ मार्च

दुसरी कल्पना. पाठमोरा माणूस, समुद्र. सर्वांनी केलेलं असलं तरी मी केलेलं नाही, हा फरक आहे. काइ-युन पावसात उभी राहायला नाही म्हणाली. शेवटी ड्रमवाला आ-बाओ आला. तो दिवसा पार्सलं पोचवतो आणि मधल्या सुट्टीत कामाच्या रेनकोटमध्येच आला होता. पाठ भरपूर आहे त्याची, पण पाठीवर कंपनीचं नाव आणि फोन नंबर. नंबर ठळक आला आहे. समुद्र पुसट.

आ-बाओला फोटो फार आवडला. त्याने तो त्याच्या साहेबांना पाठवला.

६ मार्च

मन:स्थिती बरी नाही. रेकॉर्ड काढणारी कंपनी म्हणजे एकच माणूस आहे, पार्सलं चिकटवण्यापासून सगळं तोच करतो, त्याला आम्ही मालक म्हणतो. मालकाच्या ओळखीचा एक डिझायनर आहे तैपेईत. काइ-युनने आज त्याचा विषय काढला. तो घरातसुद्धा टोपी घालतो. मी म्हटलं मला अजून थोडा वेळ दे. ती म्हणाली, "दादा, घे की वेळ. पण महिनाअखेरीला कार्यक्रम आहे आणि कव्हर नसलेला अल्बम म्हणजे नुसती प्लास्टिकची डबी."

तव्याकडे बघितलं. तवा तिथेच आहे.

१० मार्च, रविवार

सापडलं.

कपाटात एक जुना फिल्मचा रोल मिळाला, मुदत कधीच संपलेला, कृष्णधवल. बाबा देवळाच्या समितीतल्या कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाला निघाले होते, गडद कोट घालून. मी त्यांना दुकानामागच्या राखाडी भिंतीपुढे बसवलं. बाबा फोटोला बसतात ते नेहमीच ताठ, हात गुडघ्यांवर, नजर सरळ. नवी कवळी बसवल्यापासून तोंड मिटूनच असतात. हसणं नाही, आव नाही. एक क्लिक केला आणि मला आतून कळलं.

बाबा म्हणाले, "झालं? बस जाईल माझी."

१३ मार्च

फोटो धुऊन आला. अप्रतिम. चेहरा बरोबर मधोमध. खोलीत कुठेही गेलं तरी डोळे मागे येतात. मी स्वयंपाकघरात गेलो तरी बघत होते.

आता मांडणी. भोवती जाड काळी चौकट. चौकटीने डोळा भटकत नाही. फोटोच्या दोन्ही बाजूंना मात्र जागा ओकीबोकी वाटली, म्हणून फुलं आणायला बाजारात गेलो. रंगीत फुलांचा उपयोग नाही, तेव्हा पांढरी शेवंती मागितली. फुलवाली अनोळखी, पण बोलकी. कुणासाठी म्हणून विचारलं. म्हटलं बाबांसाठी. वय? म्हटलं एकाहत्तर. "मग काही फार नाही हो," ती म्हणाली, "आजारी होते का?" म्हटलं मनगट दुखत होतं. "नुसतं मनगट?" असं म्हणून ती बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली, आणि एक जुडी तिने आपल्या मनाने जास्त घातली.

सामान्य माणसाला कलेबद्दल आस्था असते. आपण त्याच्यापर्यंत जात नाही.

१५ मार्च

मुखपृष्ठ पुरं झालं. बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. एवढं ओकंबोकं बरं दिसेना म्हणून खाली बाबांचं जन्मवर्ष आणि अल्बम निघण्याचं वर्ष टाकलं, मध्ये बारीक रेघ. १९४८–२०१९. इथून इथपर्यंत. अर्थ ज्याचा त्याने लावावा.

काइ-युनला आणि आ-बाओला फोनवर पाठवलं. आ-बाओचं उत्तर: दोन जोडलेले हात. काइ-युनने विचारलं, "काका बरे आहेत ना?" म्हटलं ठणठणीत आहेत, परवा ताईकडे ह्वालिएनला चाललेत. मग ती बराच वेळ काहीतरी लिहीत होती असं दिसत होतं. शेवटी आलं, "मालकाला दाखवते. तोपर्यंत कुठे लावू नकोस."

नाही म्हणाली नाही. म्हणजे पसंत आहे.

१७ मार्च

बाबा ताईकडे गेले. तिला दुसरा मुलगा झाला, बाबांना त्याला बघायचंय. जाण्याआधी शटर खाली ओढून त्यावर आपल्या हाताने चिठी लावली: "घरच्या कारणामुळे दुकान काही दिवस बंद. क्षमा असावी." मी म्हटलं, नातू झाला असं सरळ लिहा की. म्हणाले, "लोकांना कशाला हव्यात नसत्या पंचायती." मोबाइल घरीच ठेवून गेले, वाजला तर बाळ उठेल म्हणून. तो माझ्या खोलीत वाजत राहतो. मी उचलत नाही, मला काम आहे.

मुखपृष्ठ त्यांना अजून दाखवलेलं नाही. छापून आल्यावर एकदमच दाखवीन.

१९ मार्च

पोस्टर छापून घेतली. मालकाचं उत्तर यायचं आहे, पण तयारीत असावं. छापखानेवाला फार सभ्य. आवाजसुद्धा खाली आणून बोलत होता. म्हणाला, खाली तारीख, वेळ, जागा टाकू का? म्हटलं नको, ज्यांना यायचं ते येतील. "घरच्या घरीच ठेवताय का? बरं करताय," तो म्हणाला, "हल्ली लोक फार देखावा करतात." पहिल्यांदाच कुणीतरी माझी शैली ओळखली.

दुपारभर डकवत होतो. एक बसथांब्यावर, एक देवळाच्या फळ्यावर, एक मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर. सगळ्यांत मोठं आमच्याच शटरवर, बाबांच्या चिठीखाली. एवढी मोठी मोकळी भिंत तैपेईतल्या कलादालनांना मिळत नाही. काइ-युन लावू नकोस म्हणाली होती, पण ती कव्हर लावू नकोस म्हणाली होती. ही पोस्टर आहेत.

२१ मार्च

परिणाम दिसायला लागला.

वरच्या खिडकीतून बघत होतो. लिनकाका आले. आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवली त्यांनी, नेहमीचं गिऱ्हाईक, शब्दाला महाग माणूस. स्कूटर थांबवली, हेल्मेट काढलं, पावसात तसेच उभे. मग बाहीने डोळे पुसले. चित्र बघून रडणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पलीकडच्या चौकातले हुंगकाकाही येऊन गेले. त्यांचंही नाश्त्याचं दुकान आहे, बाबांचं आणि त्यांचं तीस वर्षांत सरळ बोलणं नाही. पोस्टरपुढे कमरेत वाकले. शत्रूलाही वाकायला लावतं ते खरं मुखपृष्ठ.

खाली जाऊन त्यांना गाठणार होतो, पण कलाकाराने मध्ये पडू नये.

२२ मार्च

सकाळी शटरपाशी कुणीतरी संत्री ठेवली होती, नीट रचून. शेजारी डब्यात उदबत्त्या लावलेल्या, शटरच्या फटीत शेवंती खोचलेली. म्हणजे लोक आता नुसते बघत नाहीत, भाग घेताहेत. असे प्रयोग परदेशात होतात असं वाचलं होतं, आमच्या गल्लीत होतील असं वाटलं नव्हतं. फोटो काढून काइ-युनला पाठवले. तिने तीनदा फोन केला. मी आंघोळीला होतो.

संत्री गोड होती.

२३ मार्च

वॉर्डप्रमुख लोसाहेब घरी आले. इतकी वर्षं त्यांना मी फक्त कचऱ्याच्या गाडीमागे धावताना बघितलं होतं. आज काळा शर्ट इस्त्री करून घातलेला. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "पोरा, तू एकटा आहेस हे आम्हाला समजतं. तू कशाची काळजी करू नकोस. गल्लीत मांडव घालायची परवानगी मी काढलीय. गाड्या पलीकडून वळवू."

मी भारावलो. तैपेईच्या आधी आपल्या गल्लीत कार्यक्रम, ही कल्पना मला सुचायला हवी होती. म्हटलं साउंड सिस्टिम लागेल. ते म्हणाले वाजवणारं पथक आपलं सगळं सामान घेऊन येतं. म्हटलं पथक कशाला, आमचा बँड आहे की. लोसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काहीतरी खाऊन घे."

२४ मार्च, रविवार, सकाळ

एक टेम्पो आला. त्यातून बिअरच्या डब्यांचा एक मनोरा उतरवला, माझ्याहून उंच, पिवळ्या कागदात गुंडाळलेला, टोकाला कमळ. मासळीबाजाराच्या संघटनेकडून. मागोमाग नगरसेवकाच्या कचेरीतला माणूस एक लांब पांढरं कापड घेऊन आला. त्याने ते शटरच्या वर बांधलं, फोटो काढला आणि गेला. कापडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की को चिन-शुइ यांचं सात्त्विक जीवन सर्वांच्या स्मरणात राहील.

को चिन-शुइ म्हणजे बाबा.

दुपार

रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. शटरकडे कलाकार म्हणून न बघता, दूध आणायला निघालेला माणूस बघेल तसं बघितलं. काळी चौकट. शेवंती. दोन वर्षं आणि मध्ये रेघ. पुढ्यात बिअरचा मनोरा, मयताच्या घरी पाठवतात तसा. वर बाबांच्या अक्षरात, घरच्या कारणामुळे बंद.

रस्ता ओलांडून धावत परत आलो.

ताईला फोन लावला. कितीतरी वेळ वाजत राहिला. तेवढ्या वेळात मला काय काय वाटलं ते इथे लिहिणार नाही. शेवटी बाबांनीच उचलला. "काय आहे?" म्हटलं काही नाही. "मग कशाला केलास? पोर आत्ता कुठे झोपलंय," आणि ठेवून दिला. मी पायरीवर बसलो आणि रडलो. हे मात्र लिहून ठेवतो, कारण ही वही कुणी वाचणार नाही.

संध्याकाळ

ठरलं. उद्या सगळी पोस्टर काढायची आणि लोसाहेबांना जाऊन सरळ सांगायचं.

२५ मार्च

काढायला गेलो. मी खळ फार चांगली लावली आहे. नखाने सुरुवात केली तेवढ्यात हुंगकाकू पिठल्यासारखी दाट पेज घेऊन आल्या. माझा शटरवर ठेवलेला हात बघून त्यांना हुंदका आला. अशा वेळी खरं बोलणं क्रूरपणाचं झालं असतं. पेज घेतली.

शिवाय दुसरी बाजूही बघायला हवी. सगळी गल्ली माझं मुखपृष्ठ बघायला येते आहे. कोणत्या टोपीवाल्याला हे जमलंय? बाबा महिनाअखेरीशिवाय येत नाहीत. तोपर्यंत मालकाचा होकार येईल, मग मी सगळ्यांना शांतपणे समजावीन की हा अल्बम होता. लोक हसतील. एकूण परिस्थिती आटोक्यात आहे.

२६ मार्च

मांडव उभा राहिला.

तैचुंगची थोरली आत्या बातमी ऐकून ताईला धीर द्यायला फोन करत होती. फोन बाबांनी घेतला. आत्याच्या हातातून तो पडला, मग सूनबाईंनी उचलला, मग त्यांच्याही हातातून. तिसऱ्या खेपेला नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठून बोलताय?" बाबा म्हणाले ह्वालिएनहून.

हे मला ताईने सांगितलं. बाकी जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबा उद्याच्या गाडीने येताहेत.

२७ मार्च, बुधवार

आज झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण पुढे लोक वाढवून सांगतील.

मी पहाटेच लोसाहेबांकडे जाणार होतो. डोकं दुखत होतं, म्हणून थोडा पडलो. उठलो तर मांडवात गल्ली भरलेली. लोसाहेब माइकवरून म्हणत होते की चिरंजीवांची अवस्था आपण बघतोच आहोत, तेव्हा आपणच दोन दोन शब्द बोलू. मला पहिल्या रांगेत बसवलं. लिनकाका बोलायला उभे राहिले, काही न बोलता बसले. मग हुंगकाका उठले. म्हणाले, "चिन-शुइचं धिरडं माझ्यापेक्षा चांगलं होतं. मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तीस वर्षं मी हे बायकोलासुद्धा बोललो नाही."

मागून आवाज आला, "मिरी फार घालतोस तू."

बाबा मांडवाच्या टोकाशी छत्री मिटत उभे होते. हातात ह्वालिएनच्या मोचीचं, म्हणजे तांदळाच्या मिठाईचं खोकं. किती वेळ उभे होते कुणाला माहीत नाही. हुंगकाकू मटकन खाली बसल्या. पथकातल्या एकाने घाबरून झांज वाजवली. हुंगकाका माइकवरूनच म्हणाले, "कमी घालून बघितली मी. मग नुसतं पीठ लागतं." बाबा म्हणाले, "कांद्याची पात बारीक चिर." तीस वर्षांत त्यांचं झालेलं हे पहिलं बोलणं.

मग सगळे एकदम माझ्याकडे वळले.

मी उठून सांगायला लागलो की हे कृष्णधवल आहे, काळ्या चौकटीने डोळा भटकत नाही. लोसाहेब म्हणाले, "खाली बस." बाबा शटरपाशी गेले. पोस्टर जवळून पाहिलं. मग मागे सरकून पाहिलं. मला वाटलं ओरडावं त्यांनी. चपराकसुद्धा चालली असती. त्यांनी शटरच्या फटीतून एक वाळलेली शेवंती काढली, वास घेतला आणि खिशात घातली.

जिवंत माणसाचा असा अपशकुन झाला की डुकराचे पाय घालून बारीक शेवया करायच्या आणि सगळ्यांना जेवायला घालायचं, म्हणजे टळतो. करायचं ते ज्याने अपशकुन केला त्याने. आत्याचं फोनवरून तेच मत पडलं. संध्याकाळपर्यंत मी चिमट्याने डुकराच्या पायांचे केस उपटत होतो. मांडव होताच, मनोऱ्याची बिअर होतीच. पथकानेही जेवून घेतलं आणि काहीतरी आनंदी वाजवायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते येत नाही. हुंगकाका आणि बाबा एका बाकावर बसून मिरीबद्दल बोलत होते.

शेवयांना मीठ कमी होतं असं सर्वांनी सांगितलं.

२८ मार्च

काइ-युनचा फोन. मालकाने निकाल दिला. "दादा, तो म्हणतो पुढच्या आठवड्यात लोक थडगी झाडायला जातात, आणि आपण गल्ल्याशेजारी हा फोटो ठेवायचा? अल्बम विकायचाय की वाटायचाय?" तिने स्वतः भांडून बघितलं म्हणे. मग हळूच म्हणाली, "मला फोटो खरंच आवडला होता. पण मी काकांना ओळखते, आणि मलासुद्धा वाटलं की ते गेले."

टोपीवाल्याने एका रात्रीत मुखपृष्ठ केलं आहे. तिने पाठवलं. पाठमोरी मुलगी. समुद्र.

मी म्हटलं चांगलं आहे.

३० मार्च

तैपेईला कार्यक्रम. तळघर भरलेलं. माझी दोन गाणी वाजवली, बाकीचा वेळ उभा होतो. अल्बम संपले. दाराशी एक मुलगी मुखपृष्ठ छातीशी धरून मैत्रिणीला म्हणत होती, किती एकटं वाटतं ना. मी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ बघितली.

बाबा आले नव्हते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते मी करायला हवं होतं.

१ एप्रिल

तवा.

याला पराभव म्हणणं वरवरचं होईल. हा मधला टप्पा आहे. गोल, काळी, तापलेली पार्श्वभूमी, तिच्यावर पिवळा आकार: विचार केला तर यात पुष्कळ शक्यता आहेत. पहिली सात धिरडी चिकटली. लिनकाकांनी आठवं मुकाट्याने खाल्लं. बाबा मागे बसून कांद्याची पात चिरत होते आणि "जाळ, जाळ" एवढंच म्हणत होते. ते मला जाळ कमी कर असं सांगत होते की निषेध म्हणून म्हणत होते, हे विचारलं नाही.

लोक मला बघून हसू दाबतात. बाबांना मात्र हात लावून बघतात.

४ एप्रिल, गुरुवार

उद्या आईच्या थडग्यावर जायचं. दुपारी गवत कापायचा विळा शोधत होतो, तर बाबा म्हणाले, "तो फोटो टाकलास का रे?"

म्हटलं पोस्टर सगळी काढली.

"पोस्टर नाही. फोटो."

म्हटलं आहे.

"ठेव नीट. चांगला आलाय. ऐनवेळी धावपळ नको. तुझी आई गेली तेव्हा घरात एक फोटो धड नव्हता तिचा. ओळखपत्रावरचा मोठा करायला लागला. इतका पसरट झाला की तिची सख्खी बहीण म्हणाली, ही कोण? मला अजून वाईट वाटतं त्याचं." मग म्हणाले, "तुझ्या या फोटोत मी आहे तसा आहे. गल्लीतल्या कुणाला विचारावं लागलं नाही, कोण गेलं म्हणून."

विळा हातात होता.

बाबांना काही बदल हवे आहेत. राखाडी भिंत नको, देवळाच्या कॅलेंडरसारखं आकाशी निळं हवं. रंग हवेत. कोट जुना दिसतो, त्याजागी सूट आणि टाय चिकटवावा, फोटोवाले करतात तसा. फुलं काढायची, ती लोक आणतातच. चौकट राहिली तरी चालेल. "आणि तो दुसरा आकडा काढ," म्हणाले. "तो तू मागाहून घाल."

एका काळी मी अशा सूचना देणाऱ्या माणसाशी बोलणं सोडलं असतं. दुकान बंद झाल्यावर बसून सगळे बदल केले. सूट नेव्ही ब्लू. खांदे जरा रुंद ठेवले. बाबांनी चष्मा लावून बघितलं, म्हणाले टाय वाकडा आहे. सरळ केला. मग म्हणाले, "आता झालं बघ," आणि फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, हिवाळ्याच्या पांघरुणांखाली ठेवून दिला.

माझं मुखपृष्ठ पसंत पडलं. प्रकाशनाची तारीख अजून ठरलेली नाही. मला घाई नाही.